न्यायमूर्ति तेलंग: सभा, न्यायासन आणि घर

भुसावळाचें आजचें रूप आगगाडीनें घडविलें. मुंबईहून आलेला लोहमार्ग येथें दुभंगतो. एक फांटा वऱ्हाडांतून नागपुरास जातो, दुसरा खंडवा व इटारसीवरून जबलपुराकडे वळतो. नागपुरापर्यंतची गाडी १८६७ सालीं सुरू झाली, जबलपुराकडील मार्ग १८७० सालीं पुरा झाला, आणि मुंबईहून कलकत्त्यास निघालेल्या उतारूच्या वाटेवर भुसावळ कायमचें आलें. ह्या स्थित्यंतराचें वर्णन करतांना पूल, इंजिनें व कारखाने यांचा उल्लेख नेहमीं होतो. घरांत काय झालें तें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. ज्या घराची मिळकत म्हणजे शेत, गोठा आणि धान्याचें पेव, त्या घरांतील एक मुलगा इंजिनावर कोळसा टाकूं लागला, दुसरा तारयंत्रापुढें बसला, तिसरा मालधक्क्यावर कारकून झाला. त्याच्या हातीं दरमहा रोख पगार पडूं लागला. तो पगार कोणाचा? ज्यानें मिळविला त्याचा, कीं ज्या घरानें त्याला वाढविलें त्या घराचा? त्याला वडिलार्जित जमिनींतील आपला वांटा घेऊन वेगळें व्हावयाचें असेल, तर तें कोणाच्या संमतीनें? असल्या प्रश्नांतून भाऊबंदकी माजते, आणि भाऊबंदकी शेवटीं न्यायालयाच्या पायरीशीं येऊन उभी राहते.

खानदेश त्या काळीं एकच जिल्हा होता व धुळें हें त्याचें मुख्य ठिकाण होतें. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ सालीं झाले. येथील दिवाणी दाव्यांचीं अपिलें अखेर मुंबईच्या उच्च न्यायालयांत जात. आतां तीं त्याच न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगर, येथील खंडपीठापुढें चालतात. मुंबईच्या न्यायासनावर १८८९ पासून १८९३ पर्यंत बसलेले काशिनाथ त्रिंबक तेलंग हे कांहीं खानदेशचे नव्हते. तरीपण वर सांगितलेल्या प्रश्नांच्या मुळाशीं जो एक मोठा प्रश्न आहे, त्याच्याशीं तेलंगांचें आयुष्य जितकें गुंतलेलें दिसतें, तितकें त्यांच्या पिढींतील दुसऱ्या फारच थोड्या वकिलांचें गुंतलेलें असेल. तो प्रश्न असा: ज्याच्याविषयीं निर्णय व्हावयाचा, त्याला त्या निर्णयांत बोलण्याचा अधिकार आहे कीं नाहीं? तेलंगांनीं हा प्रश्न कायदेमंडळाच्या सभेंत सोडविण्याचा यत्न केला, न्यायासनावर सोडविला, आणि स्वतःच्या घरांत तो त्यांना सुटला नाहीं. त्यांच्या चरित्राकडे ह्याच दृष्टीनें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

तेलंगांचा जन्म मुंबईस ३० ऑगस्ट १८५० रोजीं झाला. घराणें गौड सारस्वत, मूळचें गोमंतकाकडील. शिक्षण एल्फिन्स्टन विद्यालयांत व महाविद्यालयांत झालें. एम्. ए. व एल्एल्. बी. ह्या दोन्ही परीक्षा त्यांनीं लहान वयांत दिल्या, आणि १८७२ सालीं, म्हणजे बाविसाव्या वर्षीं, ते उच्च न्यायालयांत ॲडव्होकेट झाले. पुढच्याच वर्षीं त्यांचें नांव निराळ्याच कारणानें गाजलें. रामायणावर होमराच्या काव्याची छाया आहे असें जर्मन पंडित वेबर यांनीं प्रतिपादन केलें होतें. तेलंगांनीं १८७३ सालीं त्यास उत्तर दिलें. नंतर गीतेंतील विचार ख्रिस्ती ग्रंथांतून आले असा दुसऱ्या एका जर्मन पंडिताचा तर्क होता. त्याचेंही खंडन त्यांनीं १८७५ सालच्या आपल्या पद्य भाषांतराच्या प्रस्तावनेंत केलें. मॅक्समुल्लर यांच्या 'प्राच्य धर्मग्रंथमाले'च्या आठव्या खंडांत १८८२ सालीं प्रसिद्ध झालेलें गीतेचें गद्य भाषांतर त्यांचेंच आहे. ह्या वादांत तेलंगांची एक संवय ठळकपणें दिसते. स्वदेशाभिमानाची भाषा ते फारशी वापरीत नाहींत. प्रतिपक्षाचा पुरावा हातीं घ्यावा, एकेक दुवा तपासावा, आणि दुवा तुटला म्हणजे शांतपणें तसें सांगावें, ही त्यांची रीत. ही रीत वकिलाची खरी. पण पक्षकाराच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या वकिलाची नव्हे.

१८८४ सालीं सरकारनें त्यांची मुंबईच्या कायदेमंडळावर नेमणूक केली. हें मंडळ कसें होतें तें ध्यानांत घेतल्यावांचून तेलंगांच्या कामाचें मोल कळावयाचें नाहीं. १८६१ च्या कायद्याप्रमाणें गव्हर्नर व त्यांचे सल्लागार यांच्या जोडीस चार ते आठ जादा सभासद नेमले जात, आणि त्यांपैकीं निदान निम्मे बिनसरकारी असत. निवडणूक मुळींच नव्हती. सभेपुढें जो मसुदा येईल तेवढ्यावरच बोलावयाचें. सरकारास प्रश्न विचारावयाची सोय नव्हती, जमाखर्चावर चर्चा करण्याचा अधिकार नव्हता. ज्या लाखों लोकांवर कायदा लागू व्हावयाचा त्यांना कोणी विचारीत नव्हतें. त्यांच्या वतीनें बोलावयाचें तें सरकारनें पसंत केलेल्या चार-दोन गृहस्थांनीं, आणि तेंही सरकारनें ठरविलेल्या विषयापुरतें.

अशा सभेंत दोन प्रकारचीं माणसें दिसतात. एक, जीं मान डोलवून घरीं जातात. दुसरीं, जीं तडकून बोलतात आणि वर्तमानपत्रांत वाहवा मिळवितात. तेलंग तिसरा मार्ग शोधीत होते. मुंबई शहराच्या म्युनिसिपालिटीचा नवा कायदा १८८७-८८ सालीं मंडळापुढें आला. मूळ मसुद्याचा कल कमिशनराच्या हातीं सत्ता एकवटण्याकडे होता. फिरोजशहा मेहता व तेलंग यांनीं त्या मसुद्याच्या कलमाकलमावर झगडून तो पुष्कळच बदलून घेतला. शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या स्वाधीन असावा व कमिशनरानें अंमलबजावणी करावी, ही जी १८८८ च्या कायद्याची घडण, तींत ह्या दोघांच्या परिश्रमाचा वांटा मोठा आहे. तो कायदा पुढें अनेक वेळां दुरुस्त झाला, तरी मुंबईचा कारभार आजही त्याच्याच चौकटींत चालतो. गर्जना विरून जातात आणि कलमें टिकतात, ह्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. नागरिकांना ह्या कारभाराचें शास्त्र कळावें म्हणून तेलंगांनीं 'स्थानिक राज्यव्यवस्था' ह्या नांवानें एका इंग्रजी ग्रंथाचें मराठींत भाषांतरही केलें.

परंतु सभा चांगली चालविणें निराळें आणि सभाच बदलणें निराळें, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. १८८३ सालीं इल्बर्ट बिलाच्या वादांत त्यांनीं मुंबईच्या जाहीर सभेंत भाषण केलें. १८८५ च्या आरंभीं मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेची पहिली बैठक भरली, तेव्हां कायदेमंडळांच्या सुधारणेचा ठराव तेलंगांनीं मांडला. मंडळांत लोकांनीं निवडलेले सभासद असावेत, जमाखर्च त्यांच्यापुढें यावा, त्यांना प्रश्न विचारतां यावेत, अशा ह्या ठरावांतील मागण्या होत्या. जो स्वतः सरकारनियुक्त सभासद, त्यानेंच ही नेमणुकीची पद्धति अपुरी आहे म्हणून उघड सांगितलें. १८९२ च्या कायद्यानें ह्या मागण्यांचा एक अंश पदरीं पडला. प्रश्न विचारण्याची व जमाखर्चावर बोलण्याची मुभा मिळाली, आणि शिफारशीच्या आडून निवडणुकीचाही शिरकाव झाला. नव्या धर्तीचें मंडळ मुंबईस १८९३ सालीं बसलें. तेलंग त्यापूर्वीं चार वर्षें मंडळ सोडून न्यायासनावर गेले होते.

येथवर चरित्राची रेषा सरळ आहे. ती वांकते ती घराच्या उंबरठ्यापाशीं. १८८५ सालीं रखमाबाईचा खटला उच्च न्यायालयांत उभा राहिला. अकराव्या वर्षीं लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याच्या घरीं जाण्यास नकार देत होती. नवऱ्यानें तिच्यावर दावा लावला. ज्या लग्नास आपण संमति दिली नाहीं तें आपणांस बांधूं शकत नाहीं, एवढेंच तिचें म्हणणें होतें. तिच्या बाजूच्या वकिलांत तेलंग होते. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं निकाल तिच्या बाजूनें दिला. १८८६ सालीं अपिलांत तो फिरला. आणि १८८७ सालीं न्यायालयानें तिला नवऱ्याकडे जाण्याचा, नाहींतर सहा महिने तुरुंगाचा, हुकूम सोडला. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाहीं, असें तिनें कळविलें. पुढच्या वर्षीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. सारें मुंबई शहर ज्या वादानें दुभंगलें होतें, त्यांत तेलंग कोणत्या बाजूस उभे होते हें विसरतां कामा नये.

हा खटला चालूं असतांनाच १८८६ सालीं तेलंगांनीं एक प्रसिद्ध व्याख्यान दिलें. सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय आधीं, हा त्याचा विषय. जो आपल्या घरांतल्या बायकांना दास्यांत ठेवतो त्याला राजकीय हक्क मागण्याचा अधिकार नाहीं, असें तेव्हां इंग्रजांच्या व कांहीं सुधारकांच्या तोंडीं नित्य होतें. तेलंगांनीं हें म्हणणें इतिहासाच्या कसोटीस लावलें. सतराव्या शतकांत इंग्लंडानें राजसत्तेशीं झगडून स्वातंत्र्य मिळविलें, तेव्हां तेथील कौटुंबिक व सामाजिक स्थिति कांहीं निर्दोष नव्हती, हें त्यांनीं दाखविलें. आणि मग आपला मुख्य सिद्धान्त मांडला: प्रगति कमींत कमी विरोधाच्या वाटेनें चालते. राजकारणांत समोर सरकार असतें, तें युक्तिवाद ऐकूं शकतें. समाजकारणांत समोर आपलेच वाडवडील, आपलीच श्रद्धा, आपलेंच अंतःकरण उभें असतें. म्हणून पहिल्या वाटेनें पाय झपाझप पडतील, दुसरीनें हळूहळू. एकासाठीं दुसरें अडवून धरूं नये.

ह्या सिद्धान्तांत खोटें कांहींच नाहीं. १८८८ चा म्युनिसिपल कायदा म्हणजे ह्याच सिद्धान्ताचें फळ आहे. परंतु आमच्या मतें त्यांत एक हिशेब मांडावयाचा राहून गेला आहे. कमी विरोधाची वाट धरावी आणि दुसरीकडे थांबावें, हें ठरविणारा एक असतो, आणि त्या थांबण्याची किंमत देणारा बहुधा दुसराच असतो. कायदेमंडळाची सुधारणा सात वर्षें लांबली तर वकिलास वाईट वाटतें. लग्नाची सुधारणा सात वर्षें लांबली तर तेवढ्यांत एका मुलीचें बालपण संपून जातें.

न्यायासनावरील तेलंग मात्र वाट सोपी कीं अवघड हें पाहत बसले नाहींत. १८८९ सालीं न्यायमूर्ति नानाभाई हरिदास यांच्या जागीं त्यांची नेमणूक झाली, आणि दोनच वर्षांनीं 'आपाजी नरहर कुळकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी' हें प्रकरण पूर्णपीठापुढें आलें. मुद्दा थोडक्यांत असा. बाप आपल्या बापापासून किंवा भावांपासून अद्याप विभक्त झालेला नाहीं. अशा वेळीं मुलगा बापाच्या मर्जीविरुद्ध वडिलार्जित मिळकतींत वांटणी मागूं शकतो काय? बहुमतानें निकाल झाला कीं, मागूं शकत नाहीं. तेलंगांनीं एकट्यानें भिन्नमत लिहिलें. मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो व तो बापाच्या हक्काच्या तोडीचा असतो. मग तो हक्क वापरावयाची वेळ आली म्हणजेच बापाची संमति कां आडवी यावी, हें त्यांच्या युक्तिवादाचें सार. बहुमताचा निकाल मुंबई इलाख्यांत प्रमाण झाला. तथापि हिंदुधर्मशास्त्राच्या अभ्यासकांना बहुमताइतकेंच हें भिन्नमतही वाचावें लागतें.

ह्या भिन्नमताचें महत्त्व वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. बाहेरून आणलेल्या कोणत्याही तत्त्वाचा आधार तेलंगांनीं येथें घेतला नाहीं. विज्ञानेश्वराच्या टीकेंतूनच त्यांनीं व्यक्तीचा हक्क बाहेर काढला. शास्त्र व सुधारणा हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत, शास्त्र नीट वाचलें तर त्याच्याच पोटांत मोकळीक सांपडते, असा ज्यांचा विश्वास होता त्यांचे तेलंग अग्रणी. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचें संमतिवय दहावरून बारावर आलें. त्या वादांतही त्यांचें मत कायद्यास अनुकूल होतें. भुसावळच्या रेल्वेचाळींत राहून गांवाकडच्या शेतांतला आपला वांटा मागूं पाहणाऱ्या तरुणास तेलंगांचें नांव माहीत असण्याचें कारण नव्हतें. पण त्याच्या बाजूनें बोलणारा एक न्यायाधीश पूर्णपीठावर होता, हें खरें.

आणि ह्याच तेलंगांनीं आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या अल्पवयीन मुलीचें लग्न लावून दिलें. रखमाबाईच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या वकिलाच्या घरीं हें घडावें, याचा त्यांच्या स्नेह्यांना खेद झाला व विरोधकांना आयतें हत्यार मिळालें. टीका पुष्कळ झाली. ती करणाऱ्यांत जुन्या मताचे लोकही होते. ज्या रूढीचा ते स्वतः पुरस्कार करीत, तीच पाळल्याबद्दल ते तेलंगांस हंसत होते.

ह्या प्रसंगाविषयीं दोन सोपीं मतें आहेत, आणि आम्हांस दोन्ही पटत नाहींत. पहिलें मत असें कीं, मोठ्या माणसाची ही खासगी बाब आहे, तिची वाच्यता करूं नये. परंतु जी गोष्ट त्यांनीं सभेंत व न्यायालयांत सार्वजनिक म्हणून मांडली, ती त्यांच्या घरांत शिरतांच खासगी कशी होईल? दुसरें मत असें कीं, ह्या एका कृत्यानें त्यांचें सारें बोलणें पोकळ ठरलें. हेंही खरें नाहीं. कॉर्पोरेशनचा कायदा, कायदेमंडळाचा ठराव, मिताक्षरेवरील भिन्नमत, ह्यांचा खरेपणा त्यांच्या घरच्या लग्नावर अवलंबून नाहीं. खरी गोष्ट ह्या दोहोंच्या मध्यें आहे व ती अधिक दुःखाची आहे. एकत्र कुटुंबांत मुलीचें लग्न हा एकट्या बापाचा निर्णय नसे. घरांतील वडीलधारीं माणसें, जात, सोयरेधायरे, सर्वांचा हात त्यांत असे. सरकारी मसुद्यापुढें न डगमगणारा माणूस जेवणाच्या पंगतींत एकटा पडतो. कमींत कमी विरोधाची वाट घराबाहेर जाते हें तेलंगांनींच सांगितलें होतें. घरांतला विरोध किती जबर असतो, याचा पुरावा त्यांच्याच चरित्रानें दिला. आणि ह्या साऱ्या विचारांत एका माणसाला कोणींच विचारलें नव्हतें. तें माणूस म्हणजे ती मुलगी.

तेलंगांना आयुष्य फार थोडें लाभलें. १८९२ सालीं ते मुंबई विश्वविद्यालयाचे व्हाइस-चॅन्सेलर झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. मराठ्यांच्या बखरींवरील त्यांचा इंग्रजी निबंध पुढें न्यायमूर्ति रानडे यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथास जोडला गेला. जर्मन नाटककार लेसिंग याच्या धर्मसहिष्णुतेवरील नाटकाचें त्यांनीं 'शाहाणा नेथन' हें मराठी भाषांतर केलें. १ सप्टेंबर १८९३ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. उच्च न्यायालयांतील त्यांच्या जागीं रानडे आले. सुधारणा व परंपरा यांत ओढला जाणारा जो सुशिक्षित वर्ग, त्याच्या विचारसरणीस तेलंगांचें नांव देऊन रानड्यांनीं पुढें एक व्याख्यानच दिलें. त्यावरून त्या पिढीस तेलंग हे एक व्यक्ति म्हणून जितके महत्त्वाचे वाटत, तितकेच एक कोडें म्हणूनही वाटत, असें दिसतें.

त्यांनीं अर्धें सोडविलेलें हें कोडें पुढच्यांनीं हळूहळू सोडवीत आणलें. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय निदान चौदा ठरविलें. पुढें तें वाढत वाढत अठरावर आलें. विशेष विद्येच्या बळावर मिळविलेली कमाई कुटुंबाच्या पैशानें शिकलेल्या माणसाचीही स्वतःचीच, असें १९३० सालीं कायद्यानें स्पष्ट केलें. तो कायदा पुढें आणणारे मुकुंदराव जयकर हेही मुंबईचेच वकील व विधिमंडळाचे सभासद होते. आणि १९९४ सालीं महाराष्ट्रांत, नंतर २००५ सालीं साऱ्या देशांत, वडिलार्जित मिळकतींत मुलीचाही हक्क मुलाप्रमाणें जन्मतःच मानला गेला. मिताक्षरेंतील जन्मसिद्ध हक्काचें जें तत्त्व तेलंगांनीं १८९१ सालीं मुलासाठीं उचलून धरलें होतें, तेंच शंभर वर्षांनीं मुलीपर्यंत येऊन पोहोंचलें.

तत्त्व कागदावर पोहोंचलें म्हणजे घरांत पोहोंचलेंच असें नाहीं, हें तेलंगांच्या चरित्राइतकें स्पष्टपणें दुसरें कोणी सांगूं शकणार नाहीं. वांटणीच्या दस्तावर बहिणीची हक्कसोड लिहून घेतांना, अथवा मुलीचें स्थळ ठरवितांना, तिचें म्हणणें काय आहे हें आजही किती घरांत आधीं विचारलें जातें? हा प्रश्न न्यायालयापुढें क्वचितच येतो. तो बैठकीच्या खोलींतच निकालांत निघतो. तेथें तेलंगांसारखा भिन्नमत नोंदविणारा निदान एक तरी माणूस घरांत असावा, आणि तो तेलंगांहून एक पाऊल पुढें जाऊन त्या मतावर टिकणारा असावा, एवढीच वाचकांपाशीं आमची अपेक्षा आहे.